चिठ्ठी कुणाची घ्यावी?

तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला 'चिठ्ठी' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. आमच्या केजमध्ये मी लहानपणापासून चिठ्ठ्या पाहत आलो आहे. पोराला वसतिगृहात जागा हवी, आणा चिठ्ठी. एस.टी.त कंडक्टरची भरती निघाली, आणा चिठ्ठी. मोठ्या दवाखान्यात आजारी माणसाला खाट मिळत नाही, आणा चिठ्ठी. ती देणारा माणूस बहुधा घाईत असायचा. कागद मांडीवर ठेवून दोन ओळी खरडायचा. 'पत्रवाहक आपले आहेत. काम करून द्यावे.' खाली सही. पत्रवाहकाचं नाव त्यात कधी असायचं, कधी नसायचं. 'आपले आहेत' एवढ्यावर काम भागायचं.

याला आपण वशिला म्हणतो. शब्द मूळचा अरबी, 'वसीला'. जवळ जाण्याचं साधन, असा त्याचा अर्थ. धर्माच्या भाषेत तर ईश्वराच्या जवळ जाण्याचं साधन. मराठीत येईपर्यंत तो साहेबाच्या टेबलाच्या जवळ जाण्याचं साधन झाला. त्याला इलाज नाही. माणसांसारखे शब्दही पोटापाण्यासाठी गाव बदलतात.

आज मी ज्या पत्रांविषयी बोलणार आहे, तीही एका अर्थाने चिठ्ठ्याच आहेत, पण वेगळ्या जातीच्या. आपल्याकडे एम.बी.बी.एस. झालेली काही मुलं-मुली पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत अर्ज करतात. त्या शिक्षणाला तिकडे रेसिडेन्सी म्हणतात. त्या अर्जासोबत शिफारसपत्रं लागतात. ती कुणाची घ्यावीत, आणि घेतलेल्यांतली कोणती पाठवावीत, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, हा साधा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. याचा डॉक्टरीशी काय संबंध? संबंध एवढाच, की माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी डॉक्टर आहे. मराठवाड्याबाहेरच्या एका सरकारी महाविद्यालयातून ती शिकली. अमेरिकेचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. कागदावर सहा नावं होती.

"मामू, तुम्ही लिहिणारे. सांगा, यातली चार कोणती?"

"अगं, मला औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा नीट वाचता येत नाही."

"औषधांचं नाही विचारत. माणसांचं विचारते."

त्या कागदाकडे वळण्याआधी आपल्याकडची रीत सांगायला हवी, म्हणजे फरक लक्षात येईल. आपल्या देशात एम.डी., एम.एस.ला प्रवेश हवा असेल तर नीट-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. परीक्षेत गुण, गुणांवरून क्रमांक, क्रमांकावरून जागा. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा देशभरच्या यादीतून भरल्या जातात, निम्म्या राज्याच्या यादीतून. तुमचे गुरुजी तुमच्याविषयी काय म्हणतात, हे कुणी विचारत नाही.

मला स्वतःला हे बरं वाटतं. ज्यांनी १९८५-८६ चा काळ पाहिला आहे त्यांना आठवत असेल. एम.डी.च्या परीक्षेतल्या गुणांच्या फेरफाराचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. जिथे गुणांनाही असा धोका, तिथे शिफारसपत्रांवर प्रवेश देऊ लागलो तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबं कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांच्या पोरापोरींसाठी कोण पत्र लिहिणार? क्रमांक आंधळा असतो, हेच त्यांचं संरक्षण आहे.

पण क्रमांक आंधळा असतो, म्हणजे त्याला काही गोष्टी दिसतही नाहीत. रात्री तीन वाजता वॉर्डातून बोलावणं आलं तर हा डॉक्टर उठतो की कूस बदलतो? चूक झाली तर सांगतो की लपवतो? म्हाताऱ्या बाईला 'आजी' म्हणून हाक मारतो की खाटेच्या नंबराने? या प्रश्नांची उत्तरं चार पर्यायांतून एक निवडून देता येत नाहीत.

अमेरिकेत परीक्षा आहेतच. यूएसएमएलई नावाची परीक्षा टप्प्याटप्प्याने द्यावी लागते. बाहेरच्या देशातल्या पदवीधराला ईसीएफएमजीचं प्रमाणपत्रही मिळवावं लागतं. पण २०२२ च्या जानेवारीअखेरपासून तिथे एक बदल झाला. या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण सांगणं बंद झालं. आता निकाल फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, एवढाच. आधी नुसत्या त्या आकड्यावर कितीतरी अर्ज बाजूला पडत. आकडा गेल्यावर दुसऱ्या टप्प्याच्या गुणांचं वजन वाढलं, आणि त्याबरोबर अर्जातल्या बाकीच्या कागदांकडेही जास्त लक्ष जाऊ लागलं. शिफारसपत्रं त्यांतलीच.

बहुतेक शाखांचे अर्ज ईरास नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून जातात. सप्टेंबरात अर्ज, हिवाळाभर मुलाखती. मग उमेदवार आपल्या पसंतीची रुग्णालयं क्रमाने लिहून देतो आणि रुग्णालयं आपल्या पसंतीचे उमेदवार क्रमाने लिहून देतात. संगणक दोन्ही याद्या जुळवतो. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कोण कुठे जाणार ते कळतं. ही जुळणी १९५२ पासून चालू आहे. अशा जुळणीमागच्या गणितासाठी लॉइड शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याला नवल वाटायला नको. सोयरीक जुळवणं हे डोक्याचं काम आहे, हे आपल्या आत्या-मावश्यांना कधीपासून ठाऊक आहे.

आता पत्रांची गंमत ऐका. एका रुग्णालयाला जास्तीत जास्त चार पत्रं पाठवता येतात. पत्रं जास्त जमवता येतात, पण कुठे कोणती चार पाठवायची ते उमेदवाराने ठरवायचं. पत्र लिहिणारा ते थेट त्या व्यवस्थेत जमा करतो, उमेदवाराच्या हाती देत नाही. शिवाय उमेदवाराला आधीच विचारतात, की हे पत्र पाहण्याचा हक्क तू सोडतोस का? बहुतेक जण सोडतात, कारण झाकल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास जास्त बसतो. म्हणजे निवडायची पत्रं, आणि वाचायचं एकही नाही!

मी भाचीला म्हटलं, "मग तू पत्रं निवडतच नाहीस. तू माणसं निवडतेस. तुला बरोबरच कळलंय."

तिच्या यादीतलं पहिलं नाव मुंबईच्या एका फार मोठ्या डॉक्टरांचं होतं. आमच्या दुल्हेभाईंच्या, म्हणजे तिच्या अब्बांच्या, ओळखीतून ते पत्र द्यायला तयार होते. ती त्यांना आयुष्यात एकदा, दहा मिनिटं भेटली होती. दुसरं नाव तिच्या महाविद्यालयातल्या विभागप्रमुखांचं. तिसरं त्याच विभागातल्या एका सहयोगी प्राध्यापकांचं. हे भारी कडक. इंटर्नशिपमध्ये त्यांनी हिला वॉर्डात सगळ्यांसमोर दोनदा झापलं होतं. चौथं आणि पाचवं नाव दोन अमेरिकन डॉक्टरांचं. त्यांच्याकडे ती एकेक महिना राहून आली होती. सहावं नाव आमच्याच भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं. शिक्षणानंतरची बंधपत्राची वर्षभराची सेवा तिने तिथे केली होती.

शिवाय एक नाव यादीबाहेरचं होतं. घरात बातमी फुटल्यावर एका पुढाऱ्यांनी निरोप पाठवला, "पोरगी आपल्या तालुक्याची आहे. लेटरहेड पाठवतो, काय हवं ते लिहून घ्या." त्यांच्या मनात चांगलंच होतं. त्यांना चहा पाजून आभार मानले.

दुल्हेभाईंचं म्हणणं सरळ होतं. सगळ्यात मोठं नाव सगळ्यात वर. आरोग्य केंद्राच्या डॉक्टराला अमेरिकेत कोण ओळखतो?

हे म्हणणं चुकीचं आहे, हे पटवायला मला दूर जावं लागलं नाही. मी त्यांना म्हटलं, "दुल्हेभाई, मुलीचं स्थळ पाहायला आपण परभणीला गेलो होतो, तेव्हा मुलाची चौकशी कुणाकडे केली होती? खासदाराकडे?" ते हसले. चौकशी केली होती ती शेजारच्या किराणा दुकानदाराकडे. उधारी वेळेवर देतो का, आईशी कसा बोलतो, रात्री किती वाजता घरी येतो. मुलीच्या बाबतीत आपल्याला जे कळतं, ते कागदाच्या बाबतीत आपण विसरतो.

आमच्याकडे हजरत उमर यांचा एक प्रसंग सांगितला जातो. एका माणसाची साक्ष घ्यायची होती. उमर म्हणाले, मी तुला ओळखत नाही, तुला ओळखणारा कुणीतरी आण. एक जण पुढे आला आणि म्हणाला, मी ओळखतो, हा भला माणूस आहे. उमरनी त्याला तीन प्रश्न विचारले. तू याचा शेजारी आहेस का, याचे दिवस-रात्र पाहिले आहेस का? नाही. याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस का? नाही. याच्याबरोबर प्रवास केला आहेस का? नाही. तेव्हा उमर म्हणाले, मग तू याला ओळखत नाहीस. तू याला मशिदीत डोकं खाली-वर करताना पाहिलं असशील, एवढंच.

ते तीन प्रश्न मी भाचीला तिच्या यादीपुढे ठेवायला सांगितले. तुझे दिवस-रात्र कुणी पाहिले? तुझ्यावर काम सोपवून कुणी पाहिलं? तुझ्याबरोबर अवघड वाट कोण चाललं?

मुंबईचे डॉक्टर पहिल्याच प्रश्नाला गळाले. विभागप्रमुखांनी तिला वर्गात पाहिलं होतं, शंभर-दीडशे मुलांत. तिने पत्र मागितलं तेव्हा ते म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो."

हे वाक्य आपल्या महाविद्यालयांत फार ऐकू येतं, म्हणून त्यावर थोडं बोलतो. त्यामागे दरवेळी दुष्टपणा नसतो. रुग्णांची रांग, परीक्षा, तपासणीला येणारी समिती, आणि वर इंग्रजीतून पत्र लिहिण्याची सवय नाही. पण आपलीच साक्ष आपण लिहायची आणि दुसऱ्याने अंगठा उठवायचा, याला साक्ष म्हणत नाहीत. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते वाईट. समोर शेकडो अर्ज वाचणारा माणूस बसलेला असतो. चार पत्रांची भाषा एकाच हाताची असली तर त्याला वास येतोच. भाचीने ते पत्र लिहिलं नाही. नम्रपणे 'सर, तुम्हाला वेळ नसेल तर राहू द्या' म्हणाली आणि निघाली. काही रुग्णालयं विभागप्रमुखांचंच पत्र मागतात. तिथे तिने अर्ज केला नाही. तोटा झाला असेल तर झाला.

मात्र जे लिहिणार होते त्यांना तिने मदत केली, आणि ही मदत रास्त आहे. प्रत्येकाला तिने एक पानभर टिपण दिलं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तुमच्या हाताखाली होते, कोणते वॉर्ड, कोणकोणते अवघड रुग्ण, त्यात मी काय केलं, कुठे चुकले, तुम्ही काय सांगितलंत. रुग्णांची नावं नाहीत. विशेषणं नाहीत. ज्याला शंभर विद्यार्थ्यांतून एक आठवायचा असतो त्याला अशा टिपणाचा आधार होतो, आणि लिहिणं त्याचंच राहतं.

विशेषणांचा मला कवी म्हणून थोडा अनुभव आहे. नव्या कवींच्या संग्रहांना प्रस्तावना लिहिणाऱ्यांची एक भाषा ठरून गेली आहे. 'आश्वासक', 'संवेदनशील', 'उद्याच्या अपेक्षा वाढवणारा'. ही तीन विशेषणं आली की जाणकार वाचक ओळखतो, प्रस्तावनाकाराने कविता चाळली आहे, वाचलेली नाही. वाचणारा माणूस म्हणतो, अमुक पानावरच्या अमुक ओळीपाशी मी थांबलो. पत्रांचंही तसंच. 'कष्टाळू, हुशार, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी' हे जगातल्या प्रत्येक उमेदवाराविषयी लिहिलेलं असतं. आमच्या उर्दू-फारसी परंपरेत राजाच्या स्तुतीसाठी कसीदा लिहीत. कसीदा ऐकायला गोड, पण कुणी तो कोर्टात पुरावा म्हणून नेत नाही. कोर्टात शहादत लागते. काय पाहिलंस ते सांग.

तिकडे आपत्कालीन वैद्यकाच्या शाखेने तर पत्राचा ठरावीक नमुनाच केला आहे. उमेदवाराला तुम्ही किती काळ, कोणत्या नात्याने ओळखता, त्याच्या बरोबरीच्या मुलांत तो कुठे बसतो, त्याला किती मार्गदर्शन लागेल, असे प्रश्न त्यात असतात. मोघम कौतुकाला जागाच ठेवलेली नाही.

इथे मला दीडशे वर्षांपूर्वीची एक मराठी मुलगी आठवते. आनंदीबाई जोशी. त्यांच्या अमेरिकाप्रवासाच्या मुळाशी पत्रंच होती. पहिलं पत्र गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर यांना लिहिलं. वाइल्डर मोठं नाव, कोल्हापुरात मिशन चालवून गेलेले. त्यांनी मदत करण्याऐवजी धर्मांतराचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. तिथे गोष्ट संपायची. पण १८८० च्या सुमारास न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीने दाताच्या डॉक्टराकडे बसल्या बसल्या ते मासिक उघडलं. तिने आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पत्रापत्री वाढली, ओळख घट्ट झाली. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या आणि पुढे राहिल्या त्या या बाईंच्याच घरी. मोठ्या नावाने जे केलं नाही ते एका साध्या बाईने केलं, कारण तिने या मुलीला पत्रांतून ओळखून घेतलं होतं.

आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे आनंदीबाईंनी स्वतः जो अर्ज लिहिला, तोही पाहण्यासारखा आहे. वय १८. शाळेचे मोठे दाखले नाहीत. त्यांनी आपलं शिक्षण किती झालं ते सरळ सांगितलं, आपल्या माणसांचा विरोध पत्करून इतक्या दूर का आले ते सांगितलं, आणि प्रवेशाच्या अटींत आपण कमी पडत असलो तर तेवढ्यासाठी नाकारू नका, अशी विनंती केली. महाविद्यालयाने त्यांना घेतलं. मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात त्यांचा मृत्यू झाला.

रखमाबाईंचंही तसंच. बालविवाहाच्या खटल्यामुळे त्यांचं नाव साऱ्या देशात गाजत होतं. पण लंडनला शिकायला जाताना ज्यांनी पाठबळ उभं केलं त्या होत्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची. वैद्यकीय शिक्षणासाठी स्वतः झगडलेल्या. या मुलीत काय आहे, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. रखमाबाईंनी पुढे सुरत-राजकोटकडे वर्षानुवर्षं डॉक्टरकी केली. पीचीबाईंचा शब्द खोटा पडला नाही.

आता सहाव्या नावाकडे येतो. त्या आरोग्य केंद्रात पावसाळ्यातल्या एका रात्री एका बाईला आणलं. ऊसतोडीहून परत आलेलं कुटुंब, जमिनीवर झोपलेलं. मण्यार चावली होती. मण्यारीच्या दंशाला फारशी सूज नसते, दुखणंही फार नसतं. म्हणून घरचे गाफील राहतात. मग पापण्या जड होतात आणि हळूहळू श्वास थांबत जातो. या बाईच्या पापण्या उतरल्या होत्या. भाचीने सर्पदंशाची लस सुरू केली, आणि श्वास कमी पडतोय म्हटल्यावर बाईच्या तोंडावर मास्क धरून हाताने फुगा दाबायला सुरुवात केली. तिचे अधिकारीही धावत आले. सिस्टरच्या हाती केंद्र सोपवून दोघंही १०८ च्या गाडीत बसले. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या दवाखान्यापर्यंत पाऊण तास आळीपाळीने फुगा दाबत गेले. बाई वाचली.

उमरचे तिन्ही प्रश्न इथे सुटतात. शेजार, व्यवहार आणि प्रवास.

हे अधिकारी साधे एम.बी.बी.एस. प्राध्यापक नाहीत, निबंध छापलेले नाहीत. भाचीने पत्र मागितलं तेव्हा ते संकोचले. मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "कवीसाहेब, माझं इंग्रजी रिपोर्ट लिहिण्यापुरतं. अमेरिकेला चालेल का?" मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुम्ही रिपोर्टच लिहा." त्यांनी काय लिहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

भाचीने चार नावं ठेवली. दोन अमेरिकन डॉक्टर, कारण तिकडच्या दवाखान्यात ही मुलगी कशी वागते हे तिकडच्याच डोळ्यांनी पाहिलेलं असावं, अशी रुग्णालयांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. तिसरे, झापणारे सहयोगी प्राध्यापक. चौथे, आरोग्य केंद्राचे अधिकारी. दुल्हेभाई आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. जमीन विकून नसली तरी साठवलेला पैसा ओतून मुलीला पाठवणारा बाप तो. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या, बाहेर शिकलेल्या डॉक्टरांपैकी दरवर्षी साधारण साठ टक्क्यांच्या आतबाहेर लोकांना जागा मिळते. म्हणजे शंभरात चाळीस रिकाम्या हाताने परततात. बापाने घाबरायचं नाही तर कुणी?

मुलाखती सुरू झाल्या. एका मुलाखतीत पलीकडच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुमच्या आरोग्य केंद्राच्या वरिष्ठांनी लिहिलंय की सुरुवातीच्या महिन्यांत तुम्ही रुग्णांवर चिडायचात. मग काय बदललं?"

भाची सांगते, क्षणभर घशाला कोरड पडली. त्यांनी माझा दोष लिहिला! पण प्रश्न खरा होता आणि उत्तरही खरं होतं. तिने सांगितलं, की लोक आजार अंगावर काढून उशिरा येतात याचा मला राग यायचा. मग सरांनी मला एकदा ओ.पी.डी.नंतर वाडीवस्तीवर नेलं. दवाखान्यात यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, हे तिथे मी पाहिलं. त्यानंतर माझी पहिली हाक बदलली. त्या बाईंनी मग मण्यारीच्या रात्रीचं विचारलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना ही मुलगी एस.टी.ने अंबाजोगाईला त्या रुग्णाला पाहायला का गेली, हेही विचारलं. म्हणजे तेही पत्रात होतं. भाचीला पत्रातला मजकूर कळला तो असा, परक्या माणसाच्या प्रश्नांतून. मार्चमध्ये तिला मेडिसिनची जागा मिळाली. ती त्या एका पत्राने मिळाली असं कुणी म्हणू नये. परीक्षेचे गुण होते, बाकीची पत्रं होती, नशीबही होतं. पण मुलाखतीत ती सगळ्यात मोकळेपणाने बोलली ती त्या दोषाविषयी. कौतुकावर माणूस फार वेळ बोलू शकत नाही.

विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच. पत्र मागताना 'मला पत्र द्याल का' असं विचारू नका. 'माझ्याविषयी चांगलं आणि नेमकं लिहिण्याइतकं तुम्ही मला ओळखता का' असं विचारा. समोरचा अडखळला तर आभार मानून निघा. महिनाभर आधी विचारा, कारण चांगला शिक्षक कामात असतो. आणि पत्राची तयारी अर्जाच्या वर्षी होत नसते. ती वॉर्डात, आपल्याला कुणी पाहत नाही असं वाटतं तेव्हा होत असते.

शिक्षकांना सांगण्याइतका मी मोठा नाही, पण विनंती करतो. ज्याला ओळखत नाही त्याला 'नाही' म्हणा. तो नकारही उपकारच आहे. ज्याला ओळखता त्याच्याविषयी दोन ओळी लिहा, पण पाहिलेल्या लिहा. मराठवाड्यातल्या मुलांकडे मोठी नावं कमी असतात. त्यांच्याकडे तुम्ही आहात, आणि तुम्ही त्यांना रात्री दोन वाजता पाहिलेलं आहे. तेवढं खरं लिहिलंत तर पुष्कळ आहे.

शेवटी पुन्हा शब्दाकडे येतो. 'शिफारस' हा शब्द फारसीतून आला. तिथे 'सिपुर्दन' म्हणजे सोपवणं. आपला 'सुपूर्द'ही त्याच घरातला. वशिला माणसाला खुर्चीजवळ नेतो. शिफारस मात्र कुणाला तरी कुणाच्या तरी हाती सोपवते. आपल्याला वाटतं, आपण विद्यार्थ्याला रुग्णालयाच्या हाती सोपवत आहोत. खरं तर ज्याचं नाव आपल्याला कधी कळणार नाही असा एक रुग्ण आपण या विद्यार्थ्याच्या हाती सोपवत असतो. पत्र लिहिणाऱ्याने सही करण्याआधी त्या रुग्णाच्या जागी आपल्या घरातलं माणूस ठेवून पाहावं. हात थरथरला नाही, तर खुशाल सही करावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)